नौकेचे एंजिन आणि गंजाला अटकाव

लोखंड खाणीतून निघते ते धातूच्या रूपाने नव्हे. प्राणवायूशी संयोग पावलेल्या तांबड्या दगडाच्या रूपाने. भट्टीत प्रचंड उष्णता खर्च केल्यावरच त्याचे धातूत रूपांतर होते. त्यामुळे संधी मिळताच मूळ रूपाकडे परतण्याची ओढ त्याच्या ठायी सदैव असते. या परतीलाच व्यवहारात गंज म्हणतात. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उभा आहे. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर निर्माण झाला, आणि तेथील कोरड्या हवेचाही त्याला हातभार लागला. मालवण किंवा रत्नागिरीच्या बंदरातील मासेमारी नौकेच्या एंजिनाला यांपैकी एकही भाग्य लाभलेले नसते.

गंज चढण्यास पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. मीठ या क्रियेला गती देते. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. क्षारांमुळे पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि लोखंडाच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युत्‌घट सुरू होतात. शिवाय मीठ हवेतील ओल शोषून घेते. म्हणून एंजिन वरकरणी कोरडे दिसले तरी त्यावरील क्षारांचा पापुद्रा ओलाच राहतो. गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. रंगाखाली तो फुगू लागला की रंगाला फोड येतात, फोड फुटला की खारे पाणी आत शिरते, आणि मग वरचा रंग हेच गंजाचे पांघरूण होऊन बसते.

ही केवळ शोभेची बाब नाही. एंजिनाच्या तळाशी असलेला तेलाचा पत्र्याचा हौद नौकेच्या बुडाशी साचणाऱ्या पाण्याच्या सर्वांत निकट असतो. तो गंजून त्याला भोक पडले की वंगण निघून जाते, बेअरिंगे जळतात आणि भर समुद्रात एंजिन बंद पडते. मग तांडेलाला दुसऱ्या नौकेची वाट पाहावी लागते. मासळी तर जातेच; वारा उलटला तर खलाशांचे प्राणही संकटात येतात. एका डब्याच्या निवडीमागे एवढा प्रश्न उभा असतो.

चांगल्या रंगकामात किमान दोन थर असतात आणि प्रत्येकाचे कार्य निराळे असते. धातूला लागून असलेले अस्तर, म्हणजे प्रायमर, पकड धरते आणि गंजाच्या क्रियेत अडथळा आणते. वरचा लेप पाणी, तेल, ऊन आणि घर्षण यांपासून अस्तराचे रक्षण करतो. पूर्वी अस्तरासाठी जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर वापरीत. तो गुणकारी होता; परंतु शेंदूर हे शिशाचे संयुग असून खरवडताना उडणारी त्याची धूळ शरीरात विष भिनवते. आज त्याच्या जागी झिंक फॉस्फेटयुक्त अस्तर मिळते आणि एंजिनासाठी तेच श्रेयस्कर होय. जुन्या एंजिनावर नारिंगी थर दिसला तर तो कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा आणि तोंडाला योग्य मुखपट्टी बांधावी.

शुद्ध जस्ताच्या भुकटीने भरलेले अस्तर पोलादावर उत्तम टिकते; परंतु त्याला वाळूच्या वा खड्यांच्या माऱ्याने लख्ख केलेला धातू लागतो. नौकेतच बसवलेल्या, तारेच्या ब्रशाने घासलेल्या एंजिनावर त्याचा खर्च वाया जातो.

वरचा लेप निवडताना एंजिनाचा भाग आणि मालकाची ऐपत या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाचे अंग साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापते. एंजिनासाठी बनवलेले एकाच डब्यातील एनॅमल एवढी उष्णता सोसते. ते स्वस्त असते, ब्रशाने सहज लागते आणि खरवडलेल्या जागी पुन्हा देता येते; मात्र डिझेल दीर्घकाळ साचले तर मऊ पडते. दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून तयार होणारा इपॉक्सी लेप पाणी आणि तेल यांना अधिक दाद देत नाही. पण तो उन्हाने भुकटतो. झाकलेल्या एंजिनाला त्याची अडचण नाही. उघड्यावरील भागाला इपॉक्सीवर पॉलियुरेथेनचा हात द्यावा. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेनची वाफ फुप्फुसांना घातक असल्याने तो बंद जागेत फवारू नये. धुराच्या कोरड्या नळीवर यांपैकी काहीच टिकत नाही; तेथे सिलिकोनयुक्त ॲल्युमिनियम रंगच हवा.

जुन्या एनॅमलवर इपॉक्सी देण्यापूर्वी एक परीक्षा करावी. थिनरमध्ये भिजवलेला बोळा जुन्या रंगावर काही मिनिटे ठेवावा. रंग सुरकुतला तर तो काढून टाकल्यावाचून इपॉक्सी देण्यात अर्थ नाही.

तथापि, रंगाचे आयुष्य डब्यापेक्षा पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असते. प्रथम साबण आणि गोडे पाणी यांनी मीठ व तेलाचा चिकटा धुऊन काढावा. आधीच घासले तर मीठ आणि तेल धातूच्या चऱ्यांत खोल जाते. रॉकेलने पुसून थांबणे चुकीचे, कारण रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवते. नंतर सुटा गंज तारेच्या ब्रशाने व काचकागदाने काढावा, पुन्हा गोड्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळवावे. खोलगट जागी उरलेल्या गंजावर टॅनिनयुक्त द्रव लावता येतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस पडताच काळा रंग होतो. त्याच रीतीने टॅनिन गंजाशी संयोग पावून काळा स्थिर थर बनवते. रंग कडांवरून ओघळून पातळ होतो; म्हणून कडा, बोल्ट आणि जोड यांवर ब्रशाने एक हात आधी द्यावा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे.

कोकणात खरी अडचण हवामानाची आहे. नौका पावसाळ्यातील मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्तीची कामे त्याच दिवसांत निघतात. हवा मात्र तेव्हाच ओलाव्याने भरलेली असते. रंगकामाचा सर्वमान्य नियम असा की, हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी असावी आणि धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे. अन्यथा धातूवर न दिसणारे दव बसते आणि रंग त्या दवावर चढतो. म्हणून नौका ओढताच, पाऊस स्थिरावण्यापूर्वी अस्तर उरकून घेणे उत्तम. ते न साधल्यास आडोशाला, उघडिपीच्या दुपारी, धातू हाताला उबदार लागेल अशा वेळी काम करावे.

काही भागांना रंग मुळीच लावू नये. रबरी नळ्या, पट्टे, विजेचे जोड आणि हवेची गाळणी हे त्यांतले. जस्ताचे तुकडेही तसेच. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला जस्त किंवा लोखंड जोडून ते झिजू न देण्याची युक्ती सुचवली. एंजिनातील जस्त त्याच तत्त्वाने स्वतः झिजून इतर धातू राखते. त्यावर रंग चढला की त्याचे कार्य थांबते. पाण्यात बुडणाऱ्या बाहेरच्या एंजिनाचे ॲल्युमिनियम हा आणखी एक अपवाद. त्यावर तांबेयुक्त रंग दिला तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच झिजू लागते.

शेवटी, रंगाची छटा फिकट असावी, पांढरी किंवा करडी. गडद रंगावर गंजाचा पहिला डाग आणि तेलाची पहिली धार लपून राहते. फिकट रंगावर ती त्याच दिवशी दिसते. सफरीहून परतल्यावर गोड्या पाण्याने भिजवलेले फडके एंजिनावरून फिरवणे आणि उडालेल्या टवक्यावर लगेच अस्तर लावणे, हे काम अर्ध्या घटकेचे आहे. ते नियमाने करणाऱ्या नाखव्याचे साधे एनॅमलही, निष्काळजी मालकाच्या महागड्या इपॉक्सीपेक्षा अधिक काळ टिकण्याचा संभव असतो.