सस्पेन्शन लिफ्ट किट
सस्पेन्शन लिफ्ट किट म्हणजे मोटारगाडीची चॅसी तिच्या आसांपासून (ॲक्सलपासून) अधिक उंचीवर नेण्यासाठी वापरला जाणारा सुट्या भागांचा संच होय. खडकाळ, चिखलाच्या किंवा खोल चाकोऱ्यांच्या वाटेवर गाडीचे पोट घासू नये आणि मोठ्या व्यासाचे टायर बसवता यावेत, हे त्याचे दोन मुख्य हेतू आहेत. जुन्या जीप, मारुती जिप्सी, पहिल्या पिढ्यांच्या लँड क्रूझर यांसारख्या अखंड आसाच्या आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांची रचना साधी असल्यामुळे हा बदल त्यांच्यावर सर्वाधिक केला जातो. मात्र पाट्यांची उंची बदलली की स्टिअरिंग, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेक आणि गाडीचा तोल या सर्वांवर परिणाम होतो. त्यामुळे पाटे बदलणे हा या कामाचा केवळ पहिला भाग ठरतो.

बॉडी लिफ्टपासून वेगळेपण
बॉडी लिफ्टमध्ये चॅसी आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे बसवून फक्त सांगाडा उचलला जातो. टायरला जागा मिळते, पण चॅसी, गिअरपेटी आणि इंजिन मूळ उंचीवरच राहतात. सस्पेन्शन लिफ्टमध्ये चॅसीसह हे सर्व भाग वर जातात.

दोन्ही प्रकारांत आसाची स्वतःची उंची मात्र बदलत नाही. आसाच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा हा अशा गाडीचा बहुधा सर्वात खालचा बिंदू असतो, आणि त्याचे जमिनीपासूनचे अंतर केवळ टायरच्या त्रिज्येवर ठरते. टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढला तर डिफरन्शियल २५ मिलिमीटरने वर जातो. पाटे कितीही उंच केले तरी त्यात भर पडत नाही. लिफ्ट किटविषयीचा सर्वात रूढ गैरसमज हाच आहे.

लाभ होतो तो गाडीच्या पोटाखाली. बांधावरून किंवा उंचवट्यावरून जाताना पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये गाडी अडकू नये, यासाठी पोटाची उंची आणि दोन आसांमधील अंतर यांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते. जिप्सीच्या आसांमधील अंतर २३७५ मिलिमीटर आहे. पोटाची उंची ३०० मिलिमीटर धरल्यास असा उंचवटा ओलांडण्याचा कोन सुमारे २८ अंश येतो. तीच उंची ३५० मिलिमीटर झाल्यास तो सुमारे ३३ अंश होतो.

उंची वाढवण्याच्या पद्धती
सर्वात स्वस्त पद्धत म्हणजे मूळ पाट्यांच्या संचात एक जादा पाटा घालणे. यामुळे कमान वाढते, पण पाटे ताठही होतात आणि रिकाम्या गाडीत धक्के अधिक जाणवतात. दुसरी पद्धत लांब शॅकल बसवण्याची. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्यामुळे त्याच्या वाढीव लांबीच्या जवळपास निम्मीच उंची प्रत्यक्षात मिळते. तिसरी पद्धत अधिक कमानीचे नवे पाटे बसवण्याची. बाजारात किट म्हणून जे विकले जाते ते प्रामुख्याने हेच असते: चार पाटे, त्यांना साजेसे लांब शॉक ॲब्सॉर्बर, यू-बोल्ट, बुश आणि काही पाचरी. जुन्या गाडीसाठी हा मार्ग सर्वात समाधानकारक ठरतो, कारण तीसेक वर्षे ओझे वाहून बसलेले मूळ पाटे तसेही बदलण्याच्या अवस्थेत असतात. गाडीने गमावलेली उंचीच काही वेळा नव्या मूळ मापाच्या पाट्यांनी परत मिळते आणि लिफ्ट किटची गरज उरत नाही.

पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा ठेवणे ही आणखी एक पद्धत केवळ मागच्या आसासाठी आणि तीही पाटे आसाच्या वर असतील तरच वापरली जाते. पुढच्या आसाला ठोकळे लावणे धोक्याचे असते, कारण ब्रेक लावताना व वळताना तेथे येणाऱ्या आडव्या जोरामुळे ठोकळा निसटू शकतो. एकावर एक ठोकळे रचणे तर कोठेही वर्ज्यच.

जिप्सीवरील ‘पाटे वर’ बदल
सुझुकीच्या जिमनी मालिकेवर आधारित मारुती जिप्सी १९८५ साली भारतात आली. पोलीस, सैन्य आणि वनखाते यांच्या ताफ्यांत ती दीर्घकाळ राहिली, आणि ताडोबा-अंधारीसारख्या व्याघ्र प्रकल्पांतील सफारीमुळे महाराष्ट्रातील पर्यटकांनाही ती परिचित आहे. तिचे दोन्ही आस अखंड असून चारही चाकांना पाटे आहेत. मूळ रचनेत पाटे आसाच्या खालून जातात. ते काढून आसाच्या वर बसवले, तर नवे पाटे न घेताही आसनळीची जाडी व पाट्यांच्या संचाची जाडी यांच्या बेरजेइतकी, म्हणजे सुमारे १२५ मिलिमीटर उंची मिळते. शिवाय मऊ मूळ पाटे कायम राहत असल्याने चाकांची वरखाली होण्याची क्षमता टिकते आणि आसाखाली लटकणाऱ्या यू-बोल्टच्या पट्ट्या नाहीशा होतात.

हा बदल कागदावर सोपा, प्रत्यक्षात वेल्डिंगचे कौशल्य तपासणारा आहे. आसनळीच्या वरच्या अंगाला पाट्यांसाठी नव्या बैठका जोडाव्या लागतात. वेल्डिंगच्या उष्णतेने हाऊसिंग वाकू नये म्हणून लहान लहान टप्प्यांत, बाजू आलटून पालटून काम करावे लागते. बैठकीचा कोन जोडण्यापूर्वीच पक्का करावा लागतो. पाट्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट उलटा करावा लागतो, कारण त्याचे डोके बैठकीच्या भोकात बसूनच आस पुढेमागे सरकण्यापासून रोखला जातो. पुढच्या आसाच्या बाबतीत चाकाच्या वळणअक्षाचा मागे झुकलेला कोन (कॅस्टर) आणि शाफ्ट जोडणाऱ्या तोंडाचा कोन एकाच हाऊसिंगमध्ये बांधलेले असतात. एक सुधारला की दुसरा बिघडतो, त्यामुळे तडजोड अटळ असते.

उंच आसाला आणखी एक बाधा होते. चाकांवर जोर पडताच आस स्वतःभोवती फिरू पाहतो आणि मऊ पाटे इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे मुरडतात. चढावर शाफ्टचे क्रॉस तुटण्यामागे अनेकदा हेच कारण असते. त्यावर उपाय म्हणून आस व चॅसी यांना जोडणारा एक दांडा बसवतात.

बसवणी
जुन्या गाडीत सर्वाधिक वेळ नवे भाग बसवण्यात नव्हे, तर जुने निघण्यात जातो. शॅकल व पाट्यांच्या टोकांचे बोल्ट बुशच्या आतील लोखंडी नळीशी गंजून एकजीव झालेले असतात. त्यांना दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारे तेल पाजले जाते. तरीही न निघाल्यास ग्राइंडरने कापावे लागतात. किनारी भागातील, विशेषतः कोकणातील खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत चॅसीवरील शॅकलची कानेच कुजलेली आढळू शकतात. अशा वेळी लिफ्टचे काम थांबवून आधी चॅसीची दुरुस्ती करणे भाग असते, कारण नव्या पाट्यांचा सगळा भार त्याच कानांवर येणार असतो.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून एका वेळी एकच आस सोडवला जातो. दुसऱ्या आसाच्या चाकांना पुढून-मागून अडण्या लावतात. चॅसीखाली घोड्या ठेवून गाडीचे वजन त्यांवर घेतले जाते आणि आस स्वतंत्र जॅकवर तोलून धरला जातो. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा या कामातील प्राणघातक अपघातांचा नेहमीचा मार्ग आहे. शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकच्या नळीचा कंस आणि स्टॅबिलायझर दांडा सोडवल्यावर यू-बोल्ट काढतात व आस हळूहळू खाली घेतात. नळी सोडवली नसेल तर आसाचे वजन तिच्यावर लटकते आणि बाहेरून धड दिसणारी नळी आतून फाटू शकते.

नवा पाटा आधी स्थिर टोकाला, मग शॅकलच्या टोकाला अडकवला जातो. कमान अधिक असल्याने भार नसताना त्याच्या दोन टोकांमधील अंतर कमी भरते आणि शॅकल आत ओढले जाते. सेंटर बोल्टचे डोके बैठकीत बसल्याची खात्री झाल्यावर यू-बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळले जातात. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. एकदा ताणले गेलेले बोल्ट पुन्हा तेवढा ताण धरून ठेवत नाहीत.

पाट्यांच्या टोकांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, तिचे पूर्ण वजन पडल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. चाके लोंबत असताना ते घट्ट केले, तर रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो, गाडी खाली येताच पिळवटतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. घाईत सर्वाधिक चुकणारी पायरी हीच. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासले जातात.

अनुषंगिक बदल
पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत, म्हणजे जिप्सीसारख्या गाडीत, ते लांब केल्यास कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होईनासे होते आणि वेगात गाडी भरकटते. पाटा व बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून हा कोन दुरुस्त करतात. ॲल्युमिनियमच्या पाचरी दाबाखाली चिरडतात.

स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा मूळ रचनेत जवळपास आडवा असतो. गाडी उंच झाली की तो तिरका होतो, आणि प्रत्येक खड्ड्यात आस वरखाली होताना त्याच्या टोकाचा वर्तुळाकार मार्ग चाकाला थोडे वळवतो. चालकाने चक्र स्थिर धरले तरी गाडी उडी मारल्यासारखी बाजूला जाते. दांड्याचे टोक योग्य उंचीवर आणणारा बाकदार दांडा किंवा उंच भुजा बसवून हा दोष कमी करतात.

प्रोपेलर शाफ्टच्या एका क्रॉसमुळे वेगात होणारा चढउतार दुसरा क्रॉस रद्द करतो, मात्र दोन्ही टोकांचे कोन समान असतील तरच. कोन बिघडले की विशिष्ट वेगाला कंप जाणवतो. शाफ्टची सरकती जोडणीही पुरेशी आत राहिली पाहिजे. नाहीतर लांब शाफ्ट किंवा मधला ठोकळा लागतो.

ब्रेकच्या रबरी नळ्या आस पूर्ण लोंबलेल्या स्थितीत मोजून लांब घ्याव्या लागतात. ज्या गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तेथे उंचीवाढीमुळे तो गाडी रिकामी आहे असे समजून दाब कमी करतो. त्याचा दांडा नव्याने जुळवणे आवश्यक असते. शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण दबण्यापूर्वी रबरी अडथळा आसाला थांबवतो की नाही, हेही तपासले जाते.

मोठ्या टायरमुळे वेगमापक कमी वेग दाखवतो. २०५/७० आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर असतो. त्याऐवजी ७६२ मिलिमीटरचे (३० इंची) टायर घातल्यास काटा ६० वर असताना खरा वेग ताशी ६८ किलोमीटर असतो.

जीप चेरोकी एक्सजे (१९८४–२००१) सारख्या, पुढे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत पुढचा आस आडव्या दांड्याने चॅसीशी बांधलेला असल्यामुळे उंची वाढताच तो एका बाजूला सरकतो. तेथे लांबी कमीजास्त करता येणारा दांडा बसवतात.

तोल आणि उलटण्याचा धोका
गाडीचा तोल मोजण्याचे साधे माप म्हणजे चाकांमधील रुंदीचे अर्ध भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा संस्था उलटण्याच्या धोक्याच्या मानांकनात हेच गुणोत्तर वापरते. उदाहरणादाखल रुंदी १३०० आणि गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटर धरल्यास गुणोत्तर १ येते, आणि गाडी तत्त्वतः ४५ अंशांच्या आडव्या उतारावर उलटण्याच्या बेतात येते. गुरुत्वमध्य १२५ मिलिमीटरने वर गेल्यास हा कोन ४० अंशांवर घसरतो. मऊ पाटे व टायर एका बाजूला दबत असल्याने प्रत्यक्षातील मर्यादा याहूनही कमी असते. अरुंद गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न लिफ्टशिवायही वादग्रस्त राहिला आहे. सुझुकी समुराई या जिप्सीच्या भगिनी गाडीला अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने १९८८ मध्ये उलटण्याच्या कारणावरून अस्वीकार्य ठरवले. सुझुकीने १९९६ मध्ये दाखल केलेला दावा २००४ मध्ये तडजोडीने मिटला.

भारतातील कायदेशीर स्थिती
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार अननुज्ञात बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर न कळवलेला बदल उघड झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्यामुळे भारतात अशा गाड्यांचा वापर काही मालक खासगी जागेवरील ऑफ-रोड स्पर्धांपुरता ठेवतात आणि गाडी तेथवर ट्रकवरून नेतात.