दोन काठ, दोन मतदारसंघ

२०२४च्या लोकसभेला उजनी धरणाच्या एका काठावरचे करमाळ्यातले कुगाव माढा मतदारसंघात होते, तर समोरचे इंदापुरातले कळाशी बारामतीत. मधे फक्त भीमेचे पाणी. मतदान दोन्हीकडे एकाच दिवशी, ७ मे रोजी. ऐन प्रचारात धरण उणे पातळीत, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, होते. उघड्या पडलेल्या गाळातून मागे सरकणाऱ्या पाण्यापर्यंत ओढत नेलेले मोटारींचे पाइप आणि केबल, प्रचाराचा खरा फोटो तोच. व्यासपीठावरच्या हार-तुऱ्यांचे फोटो सगळ्यांकडेच असतात.

असे फोटो टिपणाऱ्या मुक्त छायाचित्रकाराला पगार नाही. फोटो छापला गेला तर मानधन. पेट्रोल आणि कॅमेऱ्याची दुरुस्ती मात्र पदरची. मतदान केंद्रात जायला निवडणूक आयोगाचे प्राधिकारपत्र लागते. ते असले तरी मताची गुप्तता मोडणारा फोटो घेता येत नाही. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. गावे मोकळेपणाने बोलतात ती तेव्हाच.

काठ बदलायचा तर बोट जवळची. त्याच वर्षी २१ मे रोजी कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. बोटीत बसणाऱ्याने आधी लाइफ जॅकेट मागावे, कॅमेरा त्यानंतर काढावा.