पट्टी सुटल्यानंतर

सुंतेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो बसेचना. खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "उभाच बरा, डॉक्टर." रिक्षा चालवणारा, पंचेचाळिशीचा गडी. बायकोला बाहेर बाकावर बसवलं, दार स्वतः लोटून घेतलं आणि मग पुटपुटला, "पू झालाय."

मी पट्टीवर कोमट सलाइन सोडलं. सुकलेल्या रक्तानं गॉज टाक्यांना धरून बसतो. तो ओढायचा नसतो, भिजू द्यायचा. पाच मिनिटांत आपसूक सुटून आला. खाली टाक्यांची रांग, फुगलेली कातडी आणि तिच्यावर पिवळसर ओला थर. वास नाही, भोवताली लाली पसरलेली नाही, ताप नाही. हा पू नव्हे. जखम भरून येताना तिच्यातूनच पाझरणाऱ्या द्रवाची आणि फायब्रिनची ही साय असते, आठवडाभरात आपली आपण जाते. ती खरवडून काढायची नाही. गॉजनं हलकेच टिपायला घेतलं तर आणखी पिवळं निघालं. मी वर पाहिलं. "आईनं हळद लावायला सांगितली," तो म्हणाला. अर्धा पिवळेपणा हळदीचाच होता.

सुंता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धर्म येतो. माझ्या टेबलावर येणारे मोठ्या वयाचे बहुतेक रुग्ण मात्र मधुमेहामुळे येतात. लघवीतून साखर जाऊ लागली की पुढच्या कातडीच्या आत बुरशी माजते, कातडीला चिरा पडतात, त्या भरतात, पुन्हा पडतात. शेवटी व्रणाचं कडं आवळतं आणि कातडी मागे सरकेनाशी होते. यालाच फायमोसिस म्हणतात. आपल्याला साखर आहे हे काहींना या तक्रारीपायीच पहिल्यांदा कळतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं तर साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. गोळी चांगलीच आहे, पण ती लिहून देताना "रोज साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करत जा" एवढं वाक्य सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं.

आजार जुनाच. सुश्रुताने त्याला निरुद्धप्रकश म्हटलंय आणि पहिला उपाय दिलाय तो कापण्याचा नव्हे, तूप लावलेली दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी आत सारून दर तीन दिवसांनी जाडी वाढवण्याचा. मागे गेलेली कातडी तिथेच अडकून बसली तर त्याला परिवर्तिका हे वेगळं नाव आहे. ही आजची पॅराफायमोसिस, आणि तिच्यात तासांचा हिशेब असतो, सकाळपर्यंत थांबायचं नसतं. त्याच्याच ग्रंथात व्रणाचे साठ उपक्रम सांगितलेत. जखमेचा एवढा विचार करणाऱ्या परंपरेतले आपण, या एका जागेच्या जखमेबद्दल मात्र घरातसुद्धा बोलत नाही.

ज्यांच्याकडे हा विधीच आहे, त्यांच्याकडे संकोच कमी आणि शहाणपण जास्त. अलिबागेकडच्या बेने इस्रायली यहुदी घरांत मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. यहुद्यांच्या तालमूद या धर्मग्रंथात तर एक चकित करणारा नियम आहे: एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली असतील तर तिसऱ्याची करू नये. हिमोफिलिया हा शब्द जन्मायच्या कितीतरी शतकं आधी रक्त न थांबणारी घराणी कुणीतरी ओळखली होती. आम्हीही शस्त्रक्रियेपूर्वी तेच विचारतो. दात काढताना रक्त थांबलं का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मुसलमान घरांत मुलाला सैल लुंगी नेसवतात, तेही अगदी योग्य. जुन्या काळी जखमेवर राख दाबायचे, ते मात्र नको.

शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासाची, बरेचदा जागा बधिर करून. जखमेला मात्र तिचे आठवडे लागतात. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते. खालच्या बाजूला पाणी साठल्यासारखा फुगवटा येतो आणि माणूस आरशात पाहून घाबरतो. मोठ्या माणसानं अंगाबरोबरची चड्डी घालून अवयव पोटाच्या दिशेला वर ठेवला की सूज लवकर ओसरते. पट्टी साधारण दोन दिवसांनी काढतात. मग रोज साधं पाणी वरून ओतायचं, स्वच्छ कापडानं टिपायचं, घासायचं नाही. सांगितलेलं मलम किंवा व्हॅसलिन लावलं की कापड चिकटत नाही. डेटॉल, स्पिरिट, पावडर, टूथपेस्ट (हो, तीही पाहिली आहे) यांनी नवी कातडी जळते. विहिरीत पोहणं दोन-तीन आठवडे बंद. टाके विरघळणारे असतात, तेवढ्याच काळात गळून पडतात. हल्ली स्टेपलर वापरतात, त्याच्या बारीक पिनाही सुटतात. राहिलेली पिन नखानं उपटायची नाही.

सगळ्यात जास्त त्रास पहाटेचा, आणि त्याबद्दलच कुणी विचारत नाही. झोपेत रात्रीतून तीन-चार वेळा ताठरता येते. ते शरीराचं कामच आहे, मनात काही असो वा नसो. टाके ताणले जातात, झोप उडते. टाके सहसा तुटत नाहीत. झोपण्याआधी लघवी करून यावं, जाग आली तर उठून चार पावलं चालावं, पॅरासिटामॉल घ्यावी. उघडं पडलेलं टोक कापडाच्या स्पर्शानं आठवडा-दोन आठवडे झोंबतं, मग सरावतं.

चड्डीवर रक्ताचे ठिपके चालतात. धार नाही. रक्त वाहू लागलं तर स्वच्छ गॉज घट्ट दाबून घड्याळात दहा मिनिटं धरायचा, मधे उचलून पाहायचं नाही. तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा. पट्टी आवळून टोक निळं-काळं पडणं, लघवी तुंबणं, ताप, दुर्गंधी, वर सरकत जाणारी लाली ही सगळी त्याच दिवशी दाखवायची लक्षणं. साखर वाढलेली असेल तर जखम रेंगाळते, म्हणून मी आधी साखर आणि मगच सुरी असा आग्रह धरतो. कापलेली कातडी तपासणीला पाठवायचाही. पांढरट, कडक डाग लायकेन स्क्लेरोसस या कातडीच्या आजाराचा निघाला तर पुढे लघवीची वाट अरुंद होते आहे का, यावर नजर ठेवावी लागते.

लहान मुलांच्या आयांना एवढंच सांगतो की पहिली काही वर्षं कातडी मागे न जाणं हा रोग नव्हे. आंघोळीत जोर लावून मागे ओढू नका, त्यानंच चिरा पडतात. उपचार लागलाच तर पुष्कळदा काही आठवड्यांच्या स्टिरॉइड मलमावर भागतं. लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असेल तर सुंता थांबवाच, ती कातडी पुढच्या दुरुस्तीला लागते.

राहिला शरीरसंबंधाचा प्रश्न. आफ्रिकेतल्या चाचण्यांनंतर 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्ही रोखण्यासाठी सुंतेची शिफारस केली. त्यानंतरच्या सुंतेच्या मोहिमांमध्ये सहा आठवड्यांचं पथ्य सांगतात, तेच मीही सांगतो. वरून जखम मिटलेली दिसते, आतला सांधा कच्चा असतो.

रिक्षावाल्याला हे सांगायचं तर बायकोलाही आत बोलवायला हवं होतं. तो नको नको म्हणत होता, मी बोलावलं. रिक्षा दहा-बारा दिवस बंद, हळद बंद, साखरेची गोळी चालू, असं सगळं तिनं नीट ऐकून घेतलं. सहा आठवडे म्हटल्यावर बोटांवर मोजलं.

"म्हणजे दिवाळी होऊन जाईल," ती म्हणाली.

तो भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिला.