प्रश्न इंग्रजीत, उत्तर कन्नडमध्ये

म्हैसूरहून हासनकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कृष्णराजनगर लागते. कावेरीच्या पुरांमुळे जुने एडतोरे सोडून हे नवे गाव वसवले गेले आणि त्याला नालवडी कृष्णराज वडेयर यांचे नाव मिळाले. भातशेतीचा हा मुलूख. २०२५च्या आरंभी काही कामानिमित्त मी तेथे गेलो होतो. संध्याकाळी एका शाळेच्या मैदानावर मुली खो-खो खेळत होत्या, आणि खेळ थांबला की बोलणे एकाच विषयावर येत होते : चैत्रा. याच कावेरीच्या काठाने खाली गेले की टी. नरसीपुर तालुका येतो. तेथील कुरुबूरु गावची चैत्रा बी. ही १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले आणि त्या सामन्याची सर्वोत्तम खेळाडू चैत्राच ठरली.

मी पत्रकार आहे हे कळल्यावर एका मुलीने मला विचारले, ‘‘सर, तिथे जिंकल्यावर इंग्रजीत बोलावं लागतं का?’’ मी म्हणालो, ‘‘नाही, कन्नडमध्ये बोललं तरी चालतं.’’ तिने क्षणभर विचार केला आणि पुन्हा विचारले, ‘‘पण मग त्यांना कळणार कसं?’’ पहिल्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते तत्त्वाला धरून होते. दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण ते उत्तर आपल्या क्रीडाव्यवस्थेपाशीही नाही.

त्या मुलीची धास्ती निराधार म्हणता येणार नाही. जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथे आसामची हिमा दास हिने वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत चारशे मीटरची शर्यत ५१.४६ सेकंदांत जिंकली. धावण्याच्या शर्यतीत जागतिक पातळीवर भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. नगाव जिल्ह्यातील धिंगजवळच्या एका खेड्यातून, भातशेती करणाऱ्या कुटुंबातून आलेली ही अठरा वर्षांची मुलगी परदेशी वार्ताहराच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे देत होती. त्या स्पर्धेदरम्यान भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने समाजमाध्यमावर तिचे कौतुक केले, पण तिचे इंग्रजी फारसे सफाईदार नाही, अशी पुस्तीही त्याला जोडली. देशभर टीका झाली, तेव्हा महासंघाने माफी मागितली. खेड्यातून आलेली मुलगी परदेशी पत्रकाराशी न डगमगता इंग्रजीत बोलली, एवढेच आम्हाला सांगायचे होते, असा खुलासा करण्यात आला. हेतू चांगला असेलही. परंतु कौतुक करतानाही ज्याचे मोजमाप घेण्याचा मोह आवरला नाही ते इंग्रजीच होते.

येथे एका सामाजिक बदलाची नोंद घ्यायला हवी. भारतीय क्रिकेटचे जगाशी बोलणे दीर्घकाळ महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या शहरी खेळाडूंच्या तोंडून होत आले. माझ्याच म्हैसूरचा जवागल श्रीनाथ अभियांत्रिकीचा पदवीधर, अनिल कुंबळेही अभियंता. पत्रकार परिषदेत इंग्रजी बोलणे त्यांना जड गेले नाही, आणि हळूहळू तेच सर्वांसाठी प्रमाण होऊन बसले. आज पदके येतात ती कुरुबूरुहून, धिंगहून, बीड जिल्ह्यातील मांडव्याहून, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीहून. खेळाचा पाया रुंदावला याचा आपल्याला अभिमान आहे. मात्र त्या पायावरून वर आलेल्या माणसाचे बोलणे ऐकण्याची व्यवस्था जुन्या, अरुंद पायाच्या काळातलीच राहिली आहे.

जगाने हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी हाताळला आहे. २००८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेने जाहीर केले की, दोन वर्षे सदस्य असलेल्या परदेशी खेळाडूंना इंग्रजी संभाषणाची चाचणी द्यावी लागेल आणि अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे सदस्यत्व स्थगित होईल. तेव्हा त्या संघटनेत एकट्या दक्षिण कोरियाच्या ४५ खेळाडू होत्या आणि रोख कोणाकडे आहे हे लपलेले नव्हते. प्रायोजक, लोकप्रतिनिधी आणि नागरी हक्क संघटना यांच्या विरोधामुळे काही दिवसांतच हा निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच देशातील बेसबॉलने उलट वाट धरली. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या खेळाडूंच्या मागणीवरून, आणि पोर्तो रिकोच्या कार्लोस बेल्ट्रान याच्या पाठपुराव्यामुळे, २०१६च्या हंगामापासून प्रत्येक संघाला पूर्णवेळ स्पॅनिश दुभाषे नेमणे बंधनकारक झाले. गोल्फने भाषेचे ओझे खेळाडूवर टाकले, बेसबॉलने ते संस्थेने उचलले. दोन्ही खेळांत पैसा मुबलक होता. फरक होता तो जबाबदारी कोणाची या समजुतीत.

दुभाषा मिळाला म्हणजे सारे सुटले, असेही नाही. जपानी बेसबॉलपटू शोहेई ओतानी याचा दुभाषा इप्पेई मिझुहारा हा त्याचा मित्र, सोबती आणि व्यवहार पाहणाराही होता. २०२४ मध्ये उघड झाले की, जुगाराची देणी भागवण्यासाठी त्याने ओतानीच्या खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर लुबाडले होते, आणि त्यासाठी ओतानी असल्याची बतावणी करून तो बँकेशी बोलला होता. पुढे त्याला तुरुंगवास झाला. यातला धडा असा की, खेळाडूचा आवाज एकाच खासगी व्यक्तीच्या हाती सोपवू नये. दुभाषा संस्थेने नेमलेला, प्रशिक्षित आणि उत्तरदायी असावा. आपल्याकडे तर हे काम बहुधा प्रशिक्षक, व्यवस्थापक किंवा संघातली एखादी सहकारी करते. प्रशिक्षकाविषयीच तक्रार असेल, तर ती खेळाडूने कोणाच्या तोंडून सांगायची?

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना मला माझीही कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी उत्तर कर्नाटकातील एका धावपटूची मी मुलाखत घेतली होती. ती कन्नडमध्ये बोलली, मी इंग्रजीत लिहिले. शर्यतीसाठी बूट घ्यायचे म्हणून तिच्या अव्वाने गाभण म्हैस विकली होती. त्यानंतरचे वर्षभर घरात दूध नव्हते आणि हरलेल्या प्रत्येक शर्यतीनंतर आपल्याला त्या रिकाम्या गोठ्याची आठवण होई, असे तिने सांगितले. छापून आले ते एवढेच, की यशाचे श्रेय तिने कुटुंबीयांना दिले. जागा कमी होती हे खरे, पण ते पूर्ण खरे नाही. तिच्या बोलण्यातला राग आणि ऋण यांची गुंतागुंत मला इंग्रजीत पेलली नाही, म्हणून मी ठरीव वाक्याचा आधार घेतला. खेळाडू मोडक्या परभाषेत बोलतो तेव्हाही हेच घडते. ‘खूप आनंद झाला, सर्वांचे आभार’ यापलीकडे त्याला जाता येत नाही, आणि मग त्याला सांगण्यासारखे काही नाही असा समज आपण करून घेतो.

यात केवळ मानापमान नाही. महाराष्ट्राच्या वाचकांना खाशाबा जाधवांची हकिकत ठाऊक आहे. गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जपानच्या इशीशी दीर्घ लढत दिल्यावर नियमाप्रमाणे मिळायला हवी ती विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभे करण्यात आले आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकातील कोणी अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. आपल्या वतीने योग्य क्षणी, योग्य भाषेत बोलणारे कोणी नसणे किती महाग पडू शकते, याचे हे जुने उदाहरण. उत्तेजक सेवनाच्या आरोपावरील सुनावणीत खेळाडूला दुभाषा मिळण्याचा हक्क आता जागतिक नियमांनी मानला आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात जी सोय न्याय्य ठरते, ती विजयाच्या व्यासपीठावर चैन कशी ठरेल?

मातृभाषेचा आग्रह धरला की दिल्लीत त्याचे एक सोपे भाषांतर होते : हिंदी. हिंदी भाषक खेळाडू आता हिंदीत निःसंकोच बोलतात, हे चांगलेच झाले. पण चैत्रासाठी हिंदी ही दुसरी परकी भाषा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ने हिंदीला संघाची राजभाषा केले, राष्ट्रभाषा नव्हे. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. जानेवारी २०२५ मध्ये रविचंद्रन अश्विनने तमिळनाडूतील एका महाविद्यालयात हाच फरक बोलून दाखवला, तर केवढा गदारोळ झाला. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर महाराष्ट्र सरकारला दोन शासन निर्णय मागे घ्यावे लागले. इंग्रजीची सक्ती काढून तिच्या जागी हिंदीची बसवली, तर कृष्णराजनगरच्या मुलीच्या दृष्टीने फक्त परीक्षक बदलेल.

यावर एक आक्षेप गांभीर्याने घ्यावा लागेल. इंग्रजीवाचून खेळाडूचे पुढे नुकसान होते. जाहिराती, समालोचन, परदेशी प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय संघटनांतील पदे हे सारे इंग्रजीतून चालते, तेव्हा मातृभाषेचे गोडवे गाणारे तिला मागेच ठेवतात, असे म्हटले जाते. ऑलिम्पिक चळवळीच्या अधिकृत भाषा आजही फ्रेंच आणि इंग्रजी आहेत, हे खरेच. म्हणून राष्ट्रीय शिबिरांत इंग्रजी शिकण्याची उत्तम सोय असावी, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र शिकण्याची संधी देणे वेगळे आणि शर्यत संपल्यावर धाप लागलेली असताना, कॅमेऱ्यासमोर, तिची तोंडी परीक्षा घेणे वेगळे. मेस्सीने जन्मभर स्पॅनिशमध्येच मुलाखती दिल्या, म्हणून जगाने त्याचे ऐकणे थांबवले नाही. अर्थात मेस्सीसाठी जग भाषांतर करते. अठरा वर्षांच्या अनोळखी खेळाडूसाठी ते तिच्या महासंघाला करावे लागेल.

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. खेळाडूची नोंदणी करताना तिला कोणत्या भाषेत बोलायला आवडेल, ही एक ओळ अर्जात वाढवावी. मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्या पथकाबरोबर, तेथील भाषांची गरज पाहून, प्रशिक्षित दुभाषे द्यावेत. एखाद्या भाषेचा जाणकार सोबत नेणे शक्य नसेल, तर मायदेशातून दूरध्वनीवर त्याला जोडून घेता येते. महासंघांनी मूळ भाषेतील उत्तर आणि त्याचे भाषांतर एकत्र प्रसिद्ध करावे, म्हणजे चूक तपासता येईल. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा यंत्रानुवादाचा उपक्रम मदतीला घ्यावा, पण गाभण म्हशीचे दुःख यंत्राच्या भरवशावर सोडू नये. २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे आणि २०३६च्या ऑलिम्पिकसाठी आपण प्रयत्नशील आहोत. पाहुण्यांच्या भाषांची सोय आपण नक्कीच करू. घरच्या भाषांची यादीही त्याच वेळी तयार व्हावी.

ज्या खेळाच्या निमित्ताने हे सारे मनात आले त्याची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात घडली. आज नेपाळची खेळाडू असो वा इंग्लंडची, पाठीवर थाप देताना ‘खो’च म्हणते. त्या एका अक्षराचे भाषांतर करावे, असे कोणालाही वाटले नाही. जगाने ते शिकून घेतले. कृष्णराजनगरच्या मैदानावर अंधार पडू लागला तेव्हा मी निघालो. प्रश्न विचारणारी मुलगी पुन्हा पाटीवर बसली होती. ती कधी जिंकलीच, तर तिच्याकडे इंग्रजीत प्रश्न येईल. तिने कन्नडमध्ये उत्तर द्यावे आणि ते समजून घेण्याची तजवीज आपण आधीच करून ठेवलेली असावी.