उमेदवारी आणि नोकरी



मुलगा आय.टी.आय. होऊन घरी बसला की आई-बाप म्हणतात, 'कारखान्यात चिकटवा.' थांबा, आधी फरक समजून घ्या. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. सुरुवातीची मुदत सहा महिने. दरमहा विद्यावेतन बारावीवाल्यास ६,०००, आय.टी.आय. व पदविकेस ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये. हे प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे. १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी वेगळी. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घ्यावेच लागतात. शेवटी परीक्षा नि प्रमाणपत्र. फिटर, वेल्डर झालेल्याने तीच धरावी. खरं शिक्षण बंद हंगामात, मिल खोलून रोलर बाहेर काढतात तेव्हा. आमची पोरं नेमकी तेव्हाच रजा मागतात!