घोड्यावरून पडलेला काउबॉय

१९०३ साली एडविन पोर्टर 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट काढत होता. काम मागायला आलेल्या एका तरुणाला विचारलं गेलं, घोडा चालवता येतो का? त्याने येतो म्हणून ठोकून दिलं, खोगिरावर बसला आणि खाली आला. तरी त्याला काम मिळालंच, आणि एक नव्हे, अनेक: कधी लुटारू, कधी गोळी खाऊन पडणारा प्रवासी.

आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या ज्यू घरातला हा मॅक्स ॲरनसन पुढे गिल्बर्ट अँडरसन या नावाने वावरू लागला. १९०७ मध्ये शिकागोत जॉर्ज स्पूरबरोबर त्याने कंपनी काढली. दोघांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं, एस अँड ए, भरभर म्हणा. 'एसने' हे कंपनीचं नाव तयार.

त्या काळी बरेचसे वेस्टर्न पूर्व किनाऱ्याकडच्या रानात उरकले जात. अँडरसनने युनिट घेऊन थेट पश्चिम गाठली आणि हिंडत हिंडत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या नाइल्स या रेल्वेच्या गावी स्टुडिओ थाटला. पण डोंगरदऱ्यांपेक्षा त्याची खरी कमाई वेगळी होती. घोडे, पिस्तुलं, पाठलाग सगळ्यांकडेच होते. प्रेक्षकाने पुन्हा पुन्हा ज्याच्यासाठी यावं असा माणूस नव्हता. १९१० च्या सुमारास पीटर काइनच्या एका कथेवरून त्याने तो उभा केला: ब्राँको बिली, वेळ आली की स्वतःच्या सुटकेवर पाणी सोडणारा दरोडेखोर. लेखक, दिग्दर्शक, नायक, सगळं अँडरसनच. चित्रपट आठवड्याला एक या वेगाने निघत. बिली एकात फरार गुन्हेगार, तर पुढच्यात शेरीफ. गेल्या खेपेला मेला असला तरी कुणाची तक्रार नसे! मला तर यात आपल्या तमाशातल्या वगाची आठवण येते: नट ओळखीचा असला की बाकी सगळं माफ.

१९१५ मध्ये चार्ली चॅप्लिन एसनेत आला तो आठवड्याला १,२५० डॉलरवर. 'द ट्रॅम्प' नाइल्सलाच झाला. पण वर्षभरात चॅप्लिन गेला आणि १९१६ मध्ये अँडरसननेही आपला हिस्सा विकला. तोवर विल्यम हार्टचे लांबलचक, अधिक कडवे वेस्टर्न आले होते. एक-दोन रिळांचा बिली त्यांच्यापुढे पोरकट वाटू लागला.

१९५८ साली अकादमीने त्याला मानद ऑस्कर दिलं. १९६५ च्या 'द बाउंटी किलर'मध्ये पंच्याऐंशी वर्षांचा अँडरसन एका छोट्या भूमिकेत पुन्हा वेस्टर्नमध्ये दिसला.