विश्लेषण : सौरघटातली वीज सांध्यातच का गळते?

छतावरच्या सिलिकॉन पॅनेलला पर्याय म्हणून ‘पेरोव्हस्काइट’ सौरघटांचे नाव वारंवार ऐकू येते. २००९ मध्ये जपानमध्ये असा पहिला घट तयार झाला, तेव्हा कार्यक्षमता जेमतेम ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या वर आहे.

नेमकी अडचण कुठे?

पेरोव्हस्काइटचा थर असतो जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरचा. प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे रिकामी जागा, म्हणजे ‘होल’ राहते. एका बाजूचा थर, बहुधा टायटॅनियम किंवा टिन ऑक्साइडचा, इलेक्ट्रॉन ओढून घेतो. दुसऱ्या बाजूचा थर होल. गोची होते ती हे थर एकमेकांना टेकतात तिथे. स्फटिकाच्या पृष्ठभागावर आयोडीनच्या जागा रिकाम्या असतात, शिशाचे अणू अर्धवट जोडलेले असतात. तिथे इलेक्ट्रॉन अडकतो, त्याला होल गाठते आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. उसाला पाणी पाजणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मोटर कितीही मोठी असली तरी पाट मध्येच फुटला, तर शेवटची सरी कोरडीच.

म्हणून सांध्यावर काही नॅनोमीटरचे लिंपण करतात. अमोनियम क्षारांसारखी संयुगे त्या मोकळ्या जागा बुजवतात. घट तोच, पण व्होल्टेज वाढते.

कोल्हापूरचा संबंध काय?

शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पातळ थरांवर अनेक दशके काम सुरू आहे. द्रावणातून किंवा फवारणीतून, कमी खर्चात थर बसवणे ही तिथली ओळख. तिथेच पीएच.डी. केलेले डॉ. सावंता माळी यांचे दक्षिण कोरियातील चोन्नम राष्ट्रीय विद्यापीठातले संशोधन २०२३ मध्ये ‘नेचर एनर्जी’त प्रसिद्ध झाले. उष्णतेने उडून जाणारे सेंद्रिय रेणू टाळून त्यांच्या चमूने सिझियम वापरले. एकाच पदार्थाची दोन स्फटिकरूपे एकावर एक बसवून नवा सांधा तयार केला. कार्यक्षमता २१.५ टक्क्यांच्या पुढे गेली. सिझियमच्या या पदार्थाचे काळे रूप सामान्य तापमानाला पिवळे, निरुपयोगी होते, हे लक्षात घेता ही मजल मोठीच.

मग बाजारात का नाही?

सिलिकॉन पॅनेलला साधारण २५ वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइटचा शत्रू ओलावा, आणि तो शिरतो बहुधा कडांतून व सांध्यांतूनच. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात चार महिने टिकणे ही त्याची खरी परीक्षा. शिवाय पॅनेल फुटले तर त्यातले शिसे पाण्याबरोबर झिरपू शकते. त्यामुळे आता आतल्या लिंपणाइतकेच काम बाहेरच्या पक्क्या आवरणावरही चालले आहे.